बटेचे बारा तुकडे

आलेल्या पत्राला मी आठ दिवसांच्या आत उत्तर लिहितो. माझ्या अंगात शिस्त म्हणावी अशी तेवढी एकच. लग्नपत्रिका आली तरी मी दोन ओळींचं कार्ड टाकत असे, कारण लग्नाला जाऊन चारचौघांत बसणं मला जमत नाही. विमा कंपनीच्या छापील पत्रालाही मी एकदा सविस्तर उत्तर पाठवलं होतं. त्यावरून बायको मला पुढे कित्येक वर्षं चिडवत होती.

एका पत्राला मात्र मी उत्तर दिलं नाही. निळं अंतर्देशीय पत्र, मार्च १९८५ मधलं. मागे जाड, ठसठशीत अक्षरात 'इंदुबाई गुरव, मु. पो. उंबरोळी' एवढंच. ते हरवलं असतं तर बरं झालं असतं, पण माझ्याकडून कागद हरवत नाहीत. ते कुठल्या पुस्तकात आहे, कुठल्या पानाशी आहे, हे मला सदतीस वर्षांत एकदाही आठवावं लागलं नाही.

तेव्हा मी विद्यापीठाच्या रसायन विभागात विश्लेषक होतो. म्हणजे प्राध्यापक नव्हे. लोक आणून देतील ते विरघळवायचं, यंत्रात घालायचं आणि आकडा लिहायचा, एवढंच माझं काम. त्या वर्षी आमचे पेंढारकर सर एका कारखान्याच्या मागे लागले होते. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा कारखाना. त्याचा धूर तीन गावांवर जाई आणि तिथली मुलं आजारी पडत. एका मुलाला आकडी येऊन तो सरांच्या समोरच पडला होता. त्यानंतर सरांनी दुसरं काम हातात घेतलंच नाही. रक्त काढू द्यायला गावकरी तयार नव्हते, म्हणून सरांनी केस घ्यायचं ठरवलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या महिन्यात रक्तातून जे फिरत असतं त्याचा अंश स्वतःत कोंडून घेतो. त्याला सुई लागत नाही, कात्री पुरते.

तुलनेसाठी एक स्वच्छ गाव हवं होतं. कारखाना नाही, हमरस्ता नाही, असं. तसं गाव म्हणजे उंबरोळी. तिथून आठ मुलांचे आणि बारा मोठ्या माणसांचे केस आणायला सरांनी मला एकट्याला पाठवलं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून.

जानेवारीतली सकाळ होती. मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर शाळेतलं टेबल मांडून मी बसलो होतो. कात्री, कागदी पाकिटं, दोरा, फॉर्म. बायका लांबून बघत होत्या आणि पदर तोंडाला लावून काहीतरी बोलत होत्या. शेवटी त्यांच्यातली एक पुढे आली. तिशीची असेल. हातावर कोपरापर्यंत शेंदराची लाली होती.

"भांडी कुठं हायती?" तिने विचारलं.

"कसली भांडी?"

"केस गोळा करताय न्हवं? आमच्याकडं बाई येती. विंचरलेल्या केसांचा गुंता दिला की वाटी देती, चमचा देती. तुमी काय देता?"

मागच्या बायका हसल्या. "आम्ही काही देत नाही," मी म्हणालो. "तपासतो फक्त."

"म्हंजे फुकट. तुमच्यापरीस ती बाई बरी."

पण टेबलाशी पहिली तीच बसली. मान खाली घालून म्हणाली, "घ्या. बगू कसं घेताय ते." तिचे घेतल्यावर बाकीच्या आल्या. दुपारपर्यंत माझं काम बरंचसं झालं. मोठी बारा झाली, मुलं सातच झाली. आठवं मूल मिळेना. शाळेतली बाकीची मुलं ऊसतोडीला आईबापांबरोबर गेली होती.

"आमच्याकडं एक हाय," इंदुबाई म्हणाली. तिचं नाव मला फॉर्मवरून कळलं होतं. "पर तिचे घेता यायचे न्हाईत. पानी तरी प्या चला."

गुरवांचं घर देवळाला लागूनच होतं. ओसरीवर एक मुलगी पाय पसरून बसली होती. पुढ्यात परडी, परडीत वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे आणि एका वाडग्यात सुका शेंदूर. बोट जिभेला लावायचं, एक कागद सुटा करायचा, चिमूटभर शेंदूर घालायचा, चार घड्या, की पुडी तयार. पुन्हा बोट जिभेला. शनिवारी देवाला येणारे लोक ह्या पुड्या घेत. एवढी लहान मुलगी इतकं नेटकं काम करते याचं मला कौतुक वाटलं. तेवढंच वाटलं, हे लिहायला हवं.

तिचे केस पाठीवर मोकळे होते. कंबरेच्या वर चार बोटं.

"हिच्या डोईला कात्री लागलेली न्हाई," इंदुबाई पाणी देत म्हणाली. "छबू. चवथं चालू हाय. हिच्या आधी दोन गेली. एक सातव्या म्हैन्यात, एक पाळन्यातनं. मग देवाला बोलले, पाच वर्सं हिचे केस कापनार न्हाई. पाचव्याला समदे तुझ्याम्होरं उतरवते. नवसाचे हायत ते."

माझ्या मनात त्या क्षणी लोभ उत्पन्न झाला. मी आयुष्यभर हातभर अंतर राखून वागलेला माणूस, पण ते केस बघून मला राहवेना. जन्मापासून न कापलेला केस म्हणजे त्या मुलीच्या तीन-साडेतीन वर्षांची रोजनिशी. टोकाला ती तान्ही असतानाचे महिने, मुळाशी आत्ताचा महिना. असा नमुना मला पुन्हा मिळणार नव्हता. मी अडखळत, घाम पुसत तिला सांगू लागलो, की मला चाळीस केस पुरतील, मानेवरचे, आतल्या बाजूचे, कुणाला दिसणारही नाहीत.

"त्यातनं काय कळंल?"

"तिच्या अंगात काही नको ते जातंय का, ते."

तिने हातातला तांब्या खाली ठेवला. "हिच्या पोटात दुकतं," ती म्हणाली. "मुरडा पडल्यागत. जेवत न्हाई. सांगितलेलं ध्यानात ऱ्हात न्हाई हिच्या. डागदर म्हनला जंत. दोनदा औषद दिलं. हे कळंल तुमच्या केसांतनं?"

"कदाचित."

"कदाचित नगा सांगू. वंगाळ निघू दे न्हाई तर चांगलं, मला कळवनार का?"

"कळवीन."

आतून तिच्या सासूचा आवाज आला. "इंदे, नवसाचं हाय ते. आन केस-नख परक्याच्या हाती देत न्हाईत. कोन करनी करंल, काय करंल."

"आत्याबाई, हे करनी करनाऱ्यातलं वाटत्यात का? धड बोलता येईना त्यास्नी." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "देवाला देन्याआदी तुमाला देतेय. ध्यानात ठेवा. चाळीस म्हनलात, चाळीसच. मी मोजनार."

ती देवळात जाऊन आली. मी छबूच्या मानेवरची बारीकशी बट धरली आणि मुळाशी कापली. मुळाकडच्या बाजूला दोरा बांधायचा असतो, म्हणजे नंतर कुठलं टोक कुठलं हे चुकत नाही. इंदुबाईने बट माझ्या हातातून घेतली आणि उन्हात धरून एक-एक केस मोजला. त्रेचाळीस भरले. तिने तीन सुटे केले, उठून गेली आणि देवाच्या पायाशी ठेवून आली. छबू एवढा वेळ हलली नव्हती. मी कात्री मिटल्यावर तिने विचारलं, "झालं? परत कवा येनार?"

"आता नाही यायचं," मी म्हणालो.

फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना होता. बॅटरी, रंग, सुरमा, शेंदूर यांच्याशी संबंध येतो का.

"आमच्या घरात न्हाई तर कुनाच्या घरात येनार शेंदूर?" इंदुबाई म्हणाली. "देवाला चढवत्यात मालक. कालवायचं, पुड्या बांधायचं आमी बायका. चैतात हनुमान जयंतीला तर पंधरा दिस हातच निघत न्हाईत." मी 'होय' लिहिलं. ती पेनाकडे बघत होती. "का इचारलं?"

"छापलेलं आहे म्हणून," मी म्हणालो.

प्रयोगशाळेत केस आधी ॲसिटोनने, मग पाण्याने, मग पुन्हा ॲसिटोनने धुतात. वरवरची धूळ निघून जावी म्हणून. उंबरोळीच्या सात मुलांचे शिशाचे आकडे सहा ते आठच्या मधले आले. कारखान्याजवळच्या मुलांची सरासरी चाळीस होती. छबूचा आकडा एकसष्ट आला.

माझंच काही चुकलं असणार असं मला वाटलं. माझं नेहमी तसंच होतं. मी उरलेल्या केसांतले थोडे घेऊन तीनदा धुतले आणि पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न.

सरांनी आकडा पाहून चष्मा वर केला. "गुरवाची पोर ना? शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. केसांना लागला असणार वरून. सोडून द्या."

"तीनदा धुतले सर."

"शेंदूर तेलात कालवतात, खांबेटे. तो धुऊन जाईल का सहजासहजी? आपली सुनावणी जूनमध्ये आहे. अशा गोष्टींत अडकू नका."

मी आकडा वहीत तसाच ठेवला. पण पुढच्या रविवारी यंत्र मोकळं होतं. सकाळी जाऊन मी बाकीची बट बाहेर काढली. छत्तीस सेंटिमीटर होती. दोऱ्याच्या टोकापासून पट्टी लावून ब्लेडने तिचे तीन-तीन सेंटिमीटरचे बारा तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजला.

हे थोडं समजावून सांगतो, कारण सगळं यातच आहे. शेंदूर बाहेरून लागला असता, तर तो सगळ्या केसभर लागला असता, आणि टोकाला सगळ्यात जास्त, कारण टोक सगळ्यात जुनं. इथे टोकाकडचे चार तुकडे जवळजवळ स्वच्छ होते. म्हणजे ती पाळण्यात आणि कडेवर असतानाचं वर्ष. पाचव्यापासून आकडा चढू लागत होता. मुळापासून मागे मोजत गेलो, तर गेल्या चैत्राच्या जागी एक मोठा उंचवटा होता आणि त्याच्या आधीच्या चैत्राच्या जागी दुसरा, थोडा लहान. शिसं केसांवर बसलेलं नव्हतं. ते महिन्यामहिन्याने आतून आलं होतं. आतून म्हणजे पोटातून, आणि पोटात जिभेला लावलेल्या बोटातून. ओसरीवर जे मी कौतुकाने पाहत बसलो होतो, ते काय होतं हे मला त्या रविवारी कळलं.

सोमवारी मी आलेख सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बोट ठेवून बाराही आकडे वाचले. मग चहा मागवला. ते अवघड बोलायचं असलं की आधी चहा मागवत.

"तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "तुम्ही सांगता ते बहुतेक वेळा खरं असतं. तुम्ही ते इतक्या हळू सांगता की माणसाला ऐकू येत नाही."

"मग सर, त्या बाईला..."

"कळवायचं. पण जूनपर्यंत थांबा. कारखान्याचा वकील उंबरोळीत माणूस पाठवणार, हे नक्की. तिथल्या एका घरात आपलंच पत्र सापडलं, की बिनकारखान्याच्या गावात देवाच्या शेंदरातून पोरीच्या अंगात शिसं जातंय, तर तो काय म्हणेल? त्या तीन गावांतसुद्धा मारुती आहेतच. आहेत ना?"

"आहेत."

"झालं मग. तो म्हणेल, धुराला कशाला बोल लावता, आधी देवळं बंद करा. तीनशे मुलं आहेत तिथे, खांबेटे. एका मुलीसाठी..." ते थांबले. कपाची कड बोटाने पुसत राहिले. "हे वाक्य मी पुरं करत नाही. तुम्हीही करू नका."

जून म्हणजे चैत्र होऊन गेल्यावर. हे तेव्हा माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मी चहा प्यायलो आणि कप विसळून ठेवला.

अहवालात उंबरोळीच्या तक्त्यात सात मुलं आहेत. खाली बारीक अक्षरात एक टीप आहे: 'एक नमुना बाहेरील शेंदरामुळे दूषित असल्याने वगळला आहे.' अहवालाचा तो भाग माझ्याकडे होता. टीप मी लिहिली आहे.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ते निळं पत्र आलं. आजवर मी ते कुणाला दाखवलं नाही. आता जसंच्या तसं उतरवतो.

'श्री. खांबेटे साहेब यांस इंदुबाई गुरव हिचा नमस्कार. पत्र लिहिणेस कारण की तुम्ही छबूचे केस नेले त्याला दोन महिने झाले. तुम्ही शेंदराचं विचारलं होतं म्हणून माझ्या मनात आलं आणि मी तिला पुड्यांच्या कामावरून उठवली. माझ्या बहिणीकडे ठेवली. पोटात दुखायचं कमी आहे. भाकरी खाते. पण सासूबाई म्हणतात देवाच्या कामात खोट काढू नये, आणि मालकही रागावले आहेत. चैत्रात कामाला माणूस पुरत नाही. तुमचं काही आलं नाही, म्हणजे काही निघालं नाही असं मी समजते. काही वाईट असतं तर तुम्ही कळवलंच असतं, तसा शब्द दिला होता. म्हणून छबूला परत आणून कामाला बसवते. माझं चुकत असेल तर दोन ओळी लिहा. चैत्र लागायच्या आधीच्या अमावास्येपर्यंत वाट बघते. छबू तुमची आठवण काढते. कळावे.'

माझं गप्प राहणं हेच तिने उत्तर धरलं होतं.

मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. एका गुरवाच्या बाईला, तुझ्या देवाचा शेंदूर तुझ्या मुलीला मारतो आहे, असं कसं लिहावं ते मला कळेना. मग वाटलं, एका बटेवरून आपण एवढं ठाम बोलणारे कोण. मग सरांनी सांगितलेला कारखान्याचा वकील आठवला. मी चार कच्चे खर्डे केले आणि चारही फाडले. अमावास्येला आठ दिवस होते, मग चार होते. अमावास्येच्या दिवशी मी रजा काढून घरी बसलो आणि दिवसभर वाचत होतो. काय वाचलं ते आठवत नाही.

सुनावणी जूनची नोव्हेंबरात गेली. सर जिंकले. कारखाना पुढे बंद झाला, आणि त्या तीन गावांत आज कुणी सरांचं नाव काढलं तर लोक हात जोडतात. ते योग्यच आहे. निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या जिन्यात, माणसांच्या गर्दीतून वाट काढत सर माझ्यापाशी आले. त्यांना दम्यामुळे धाप लागली होती.

"खांबेटे, उंबरोळीच्या त्या बाईला लिहिलंत ना? आता काही अडचण नाही."

"हो सर," मी म्हणालो. "लिहिलं."

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढे गेले. त्यांनी मला अडवलं म्हणून मी लिहिलं नाही, असं मी बायकोला सांगितलं होतं. पुढे स्वतःलाही तेच सांगत आलो. पण त्यांनी मला जूनपर्यंतच थांबायला सांगितलं होतं. बाकीची वर्षं माझी आहेत.

गेल्या महिन्यात मला एक ई-मेल आला. माझ्या मुलाने तो छापून दिला. एका संशोधक बाईंनी सरांचा जुना अहवाल वाचला होता. त्यांनी विचारलं होतं, वगळलेला नमुना कुणाचा होता आणि तो बाहेरून दूषित झाला हे कशावरून ठरवलं. मी आठ दिवसांत उत्तर लिहिलं. बारा तुकड्यांचे आकडे दिले, ती टीप चुकीची आहे असं लिहिलं, सही केली. मुलाने ते पाठवलं. मग खुर्चीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे मी एका अनोळखी बाईंना पंधरा मिनिटांत सांगून मोकळा झालो.

मी मुलाकडून उंबरोळीच्या पोस्टाचा नंबर शोधून घेतला. तो बाहेर गेल्यावर फोन लावला.

"इंदुबाई गुरव अजून तिथे राहतात का?"

"मारुतीच्या इंदुआज्जी? हायत की. कोन बोलतंय? पेन्शनीचं हाय का?"

"नाही. एक पत्र पाठवायचं होतं."

"पत्र?" पलीकडचा माणूस हसला. "आजकाल पत्र कोन पाठवतंय वं? बँकेचं असतंय न्हाईतर कोर्टाचं. कोर्टाचं हाय काय?"

"नाही, नाही. साधंच."

"मग पाठवा बिनधास्त. पर म्हातारीला आता दिसत न्हाई. छबूताई वाचून दावंल."

"छबू... म्हणजे त्यांची मुलगी. बऱ्या आहेत?"

"वळखता व्हय? बऱ्या म्हंजे काय, चाललंय. नांदाय गेल्या हुत्या, परत आल्या. ऐकाय जरा कमी येतं त्यास्नी, आन हात कापतो. डोस्कं बी मधनंच दुकतंय म्हनत्यात. पर देवाचं समदं त्याच बगत्यात. शेंदूर कालवायचा, पुड्या करायच्या. आमच्या हितं शेंदूर अजून जुन्या चालीचाच लागतो, पाकिटातला चालत न्हाई लोकांस्नी. त्यांची धाकटी बी आता संगट बसती. काय हात चालतो पोरीचा, तुमी बगाच."

"किती वर्षांची आहे?"

"पाच-सा असंल. का वं? हालो?"

मी आभार मानायचे विसरलो. फोन ठेवला आणि कोरे कागद पुढे ओढले.

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. पहिला खर्डा अकरा पानांचा झाला. त्यात आलेख होता, सुनावणी होती, पेंढारकर सर होते, माझा स्वभाव होता. वाचून पाहिला तेव्हा कळलं, की यातली साडेदहा पानं माझ्याबद्दल आहेत, आणि हे सगळं छबू मोठ्याने आपल्या आईला वाचून दाखवणार आहे. स्वतःबद्दलचं वाचणार आहे. मी ती पानं बाजूला ठेवली आणि तिच्या तोंडून ऐकायला येईल असं लिहिलं.

'इंदुबाई यांस नमस्कार. तुम्ही मार्च १९८५ मध्ये विचारलं होतं की चुकत असेल तर दोन ओळी लिहा. चुकत होतं. छबूच्या केसांत शिसं निघालं होतं. ते शेंदरातून तिच्या पोटात जात होतं. तुम्ही तिला कामावरून उठवलीत ते बरोबर होतं. मला हे तुमचं पत्र येण्याआधीच माहीत होतं, आणि मी तुम्हाला कळवलं नाही. त्याला कारण मी आहे, दुसरं कुणी नाही.

'आता नातीला त्या कामावरून आजच उठवा. शेंदूर घरात ठेवू नका. देवाचं काम करायचंच असलं तर मोठ्या माणसाने बाहेर करावं, हात धुवावेत आणि बोट तोंडाला लावू नये. तुम्हा तिघींचं रक्त तपासून घ्यायला हवं. जिल्ह्याच्या डॉक्टरांशी मी बोललो आहे. त्यांची चिठ्ठी सोबत आहे. औषध असतं. लहान मुलीला त्याचा नक्की उपयोग होतो. तुम्हाला चालणार असेल तर मी स्वतः येऊन तुम्हाला घेऊन जाईन. खाली फोन नंबर आहे. तुम्ही मला काही बोललात तर ते मी ऐकून घेईन.

'छबूताई, हे वाचत असाल तर तुमचीही मी क्षमा मागतो.'

डॉक्टरांशी बोललो आहे असं लिहिलं, तेव्हा मी बोललो नव्हतो. म्हणून पत्र तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने जिल्ह्याला गेलो. बाहेर तीन तास बाकावर बसलो, आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि चिठ्ठी घेऊन आलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला दोनदा जरा मोठ्याने बोलायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मी पोस्टात गेलो. खिडकीत एक मुलगी होती. तिने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि पत्ता वाचला.

"आत काय आहे, आजोबा?"

"पत्र आहे. आणि डॉक्टरांची चिठ्ठी."

"साधं टाकू की स्पीड पोस्ट?"

"लवकर कशाने पोचेल?"

"स्पीडने. परवा पोचेल."

"उद्या नाही का पोचणार?"

ती हसली. "खेड्यातलं आहे हो. एवढं अर्जंट आहे का?"

"हो," मी म्हणालो. माझा आवाज इतका मोठा निघाला की रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

तिने घड्याळाकडे पाहिलं, मागच्या माणसाला हाक मारून गाडी गेली का विचारलं. गेली नव्हती. तिने पाकिटावर पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि ते बाकीच्यांच्या वर, उघड्या तोंडाच्या पिशवीत टाकलं. मी पैसे दिले. पिशवीचं तोंड बांधून माणूस ती बाहेर घेऊन जाईपर्यंत मी खिडकीपाशीच उभा होतो.